मूतखड्यांची मोजदाद

ज्या रोगाची साथ येत नाही, जो एकापासून दुसऱ्यास जडत नाही आणि ज्याचे आकडे विधिमंडळात कोणी विचारीत नाही, तो रोग आपल्याकडे सार्वजनिक चिंतेचा विषय होत नाही. तो ज्याचा त्याने सोसावयाचा भोग ठरतो. मूतखड्याचे नेमके असेच झाले आहे. ठाण्यातील चाळ असो, कल्याणातील जुना वाडा असो की डोंबिवलीतील चार मजली गृहसंस्था असो, कुशीतून जांघेकडे उतरणाऱ्या कळेने गडबडा लोळलेला आणि मध्यरात्री रिक्षा शोधीत दवाखाना गाठलेला एक तरी गृहस्थ तेथे भेटतोच. शेजारी त्याला कुळथाचे कढण सुचवितात, कचेरीतील सहकारी आपल्या मेहुण्याचा अनुभव सांगतात, आणि चार दिवसांनी कळ थांबली की सर्वजण तो विषय विसरतात. अशा रोगास आम्ही आज पहिल्या पानावर जागा देत आहोत याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा खडा मूत्रपिंडात तयार होत असला, तरी त्याची पुष्कळशी कारणे घरच्या नळात, रेल्वेच्या डब्यात आणि स्थानकावरील स्वच्छतागृहात शोधावी लागतात, अशी आमची धारणा आहे. ज्या रोगाची कारणे शहरात आहेत त्याचा जाब शहराच्या कारभाऱ्यांना विचारणे हे वृत्तपत्राचे कर्तव्यच होय.

पहिला प्रश्न मोजदादीचा. ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर आणि उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही या टापूतील सामान्य माणसाची हक्काची ठिकाणे. शल्यचिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागाला मूतखड्याचा रुग्ण हा काही अपूर्व पाहुणा नव्हे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मूत्रपिंड व मूत्रवाहिनी यांतील खड्यास एन-२०, मूत्राशयातील खड्यास एन-२१ आणि कारण न कळलेल्या मूत्रशूळास एन-२३ असे वेगवेगळे क्रमांकही देऊन ठेवले आहेत. केसपेपरवर हा क्रमांक काळजीपूर्वक लिहिला गेला, तर शंभर रुग्णांमागे खडेवाले किती हे सांगणे कारकुनी कामापलीकडचे नाही.

तथापि असा आकडा हाती आला म्हणजे रोगाचा ठाव लागला, असे मानणे ही मोठी फसगत ठरेल. सकाळी आठ वाजता डोंबिवली स्थानकाच्या पुलावर उभे राहून कोणी माणसे मोजली आणि ‘या गावात म्हातारे जवळजवळ नाहीत, मुले फारच थोडी आणि सर्वांनाच घाई झालेली आहे’ असा निष्कर्ष काढला, तर आपण त्यास हसू. रुग्णालयाच्या नोंदवहीवरून शहराच्या प्रकृतीचे अनुमान करणारा तीच चूक करीत असतो. रुग्णालयात येणारे लोक हे लोकसंख्येचा सरळ नमुना नसतात, हा धोका जोसेफ बर्कसन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये गणिताने मांडून दाखविला होता. आपल्याकडे तर तो अधिकच मोठा आहे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो खाजगी रुग्णालयात जातो. ज्याची रजा शिल्लक नाही तो घराजवळच्या डॉक्टरांकडून कळ थांबविणारे इंजेक्शन घेऊन सात अठ्ठावीसची गाडी पकडतो. ज्याचा खडा दुखतच नाही त्याला आपण रोगी आहोत हेच ठाऊक नसते. हे सारे नोंदवहीच्या बाहेर राहतात. उलटपक्षी, एकाच रुग्णाला मूत्रवाहिनीत नळी घालण्यासाठी, खडा काढण्यासाठी आणि पुढे ती नळी काढण्यासाठी असे तीनदा दाखल व्हावे लागले, तर तोच माणूस तीन रुग्ण म्हणून मोजला जाण्याचा संभव असतो. शिवाय दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दोन-तीन मिलिमीटरचा कण दिसला, तर त्यास रोग म्हणावयाचे की नाही, हेही आधी ठरवावे लागते.

ही अडचण ज्यांनी ओळखली त्यांनी मोजणीची रीत बदलली. अमेरिकेत घरोघरच्या लोकांतून नमुना निवडून प्रकृतीची पाहणी केली जाते. तीत ‘तुम्हाला कधी मूतखडा झाला होता काय?’ असा साधा प्रश्न असतो. १९७६ ते १९८० च्या पाहणीत प्रौढांपैकी ३.८ टक्के लोकांनी होय म्हटले, १९८८ ते १९९४ च्या पाहणीत हे प्रमाण ५.२ टक्के झाले, आणि २००७ ते २०१० मध्ये ते ८.८ टक्क्यांवर गेले. तीन दशकांत रोग दुपटीहून अधिक वाढला. हे त्या देशास कळले, कारण त्याने रुग्णालयाच्या दाराशी थांबून न राहता घराचे दार ठोठावले. तेथील आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. परंतु पद्धत लागू पडते, आणि वाढीचा कलही विचार करावयास लावतो.

या वाढीचा अर्थ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मूतखडा हा काही आधुनिक जीवनाने निर्माण केलेला रोग नव्हे. सुश्रुताने ‘अश्मरी’चे चार प्रकार वर्णिले आहेत आणि मूत्राशयातील खडा शस्त्राने काढण्याची रीतही सविस्तर सांगितली आहे. मात्र शस्त्रक्रियेवाचून मृत्यू निश्चित आणि शस्त्रक्रियेने जगण्याचीही खात्री नाही, म्हणून वैद्याने आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असा दंडकही त्याने घातला. ग्रीकांच्या वैद्यकीय शपथेत खड्यासाठी शस्त्र न चालविण्याचे आणि ते काम त्यातील जाणत्यांवर सोपविण्याचे वचन आहे. तो जुना खडा बहुधा मूत्राशयातला असे, आणि तो विशेषेकरून गरिबांच्या मुलांना होई. केवळ धान्यावर पोसलेल्या आणि दुधास पारख्या असलेल्या मुलांचा हा रोग आहे, याचा शोध घेण्यात आपल्या देशाचाही वाटा आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी नीलगिरीतील कुन्नूर येथे १९२० नंतरच्या दशकात उंदरांना निकृष्ट अन्न देऊन मूत्राशयात खडे तयार होताना पाहिले, आणि त्याच अन्नास दुधाची जोड मिळताच ते टळतात हेही दाखविले. पुढे जसजसे अन्न सुधारत गेले तसतसा मुलांच्या मूत्राशयातील खडा ओसरला, आणि त्याची जागा प्रौढांच्या मूत्रपिंडातील खड्याने घेतली. म्हणजे समाज कसा जगतो, काय खातो आणि किती पाणी पितो, याची नोंद हा खडा पिढ्यानुपिढ्या ठेवीत आला आहे. आजच्या ठाण्या-कल्याणातील खडा कोणती नोंद ठेवीत आहे, हेच आम्हांस पाहावयाचे आहे.

खडा तयार होण्याची क्रिया तशी सोपी आहे. मूत्रात विरघळलेले क्षार प्रमाणाबाहेर दाट झाले की त्यांचे स्फटिक बनतात आणि स्फटिकांवर स्फटिक बसून खडा वाढतो. बहुसंख्य खडे कॅल्शियमचे, त्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही युरिक आम्लाचे, तर काही जंतुसंसर्गातून होणारे. क्षार दाट होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीरात पाणी कमी पडणे. घाम अधिक गेला आणि पाणी कमी प्यायले, की मूत्र गडद होते व खड्यास अनुकूल भूमी तयार होते. लोकांत ‘आमचे पाणीच क्षारांचे’ अशी तक्रार रूढ आहे आणि जड पाण्यावर खापर फोडून शुद्धीकरणाची यंत्रे विकणाऱ्यांचे त्यामुळे साधते. परंतु पाण्याचा जडपणा आणि खडा यांचा निश्चित संबंध संशोधनातून सिद्ध झालेला नाही. पाण्यात काय आहे यापेक्षा पोटात पाणी किती जाते, हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

तो प्रश्न विचारताच आपल्या शहरांचे चित्र डोळ्यांपुढे येते. भिवंडीच्या यंत्रमागांवर दमट उकाड्यात बारा-बारा तास उभा राहणारा विणकर, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरपाशी काम करणारा मजूर, उन्हात रिक्षा हाकणारा चालक आणि चौकात उभा राहणारा वाहतूक पोलीस यांच्या अंगातून किती पाणी घामावाटे जाते आणि त्यांना किती पाणी मिळते, याचा हिशेब कोण ठेवतो? पिण्याचे पाणी आणि मुताऱ्या पुरविण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना कायद्याने मालकांवर घातले होते. कायद्यांची नावे बदलली तरी ते बंधन सुटलेले नाही. पण यंत्रमागाच्या अंधाऱ्या शेडमध्ये कायद्याचा प्रकाश कितपत पोहोचतो, हे सांगावयास नको. २०१५ साली कल्याण-डोंबिवली महापालिकेत समाविष्ट झालेल्या २७ गावांतील रहिवाशांनी पाणीटंचाईसाठी काढलेले मोर्चे वाचकांच्या स्मरणात असतील. ज्या घरात हंडा मोजून भरावा लागतो, त्या घरात ‘भरपूर पाणी प्या’ हा डॉक्टरांचा सल्ला थट्टेसारखा वाटल्यास नवल नाही.

याहूनही गंभीर गोष्ट स्त्रियांची आहे. १८५३ मध्ये बोरीबंदराहून ठाण्यास आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी कल्याणास पोहोचली, आणि त्या रुळांवर या शहरांचे सारे भवितव्य उभे राहिले. आज कल्याणहून मुंबईस जाणाऱ्या जलद गाडीलाही तासाहून अधिक वेळ लागतो, आणि लोकलच्या डब्यात स्वच्छतागृहाची सोय नाही. घरापासून स्थानक आणि स्थानकापासून कचेरी हा वेळ धरला, तर दोन-दोन तासांचा हा निरोध असतो. पुरुष कसाबसा आडोसा शोधतो; स्त्रीला तीही वाट नाही. म्हणून ती साधा, स्वस्त आणि घातक उपाय योजते: ती पाणीच पीत नाही. सकाळच्या चहानंतर कचेरी गाठेपर्यंत घोटभर पाणीही न घेणाऱ्या नोकरदार स्त्रिया, बाजारात दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या आणि घरकामाला चार घरी जाणाऱ्या बायका आपल्या आसपास शेकड्यांनी आहेत. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असते, पण ती संध्याकाळी भरलेलीच परत येते. मूत्र अडवून धरण्याने जंतुसंसर्गाला वाव मिळतो, आणि जंतुसंसर्गातून होणारा खडा पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, हे वैद्यकाने सांगितलेले आहे.

मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांनी चळवळ चालविली, तेव्हा त्या नावाला नाके मुरडणारे सभ्य लोक कमी नव्हते. २०१५ च्या अखेरीस ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर निर्णय देताना मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे पुरविणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे असे बजावले. न्यायालयाला जे सांगावे लागले ते कारभाऱ्यांना न सांगता कळावयास हवे होते. रुग्णालयांच्या नोंदींत मूतखड्याच्या रुग्णांमध्ये पुरुष अधिक दिसतात, आणि हा रोग पुरुषांत मुळातच अधिक आढळतो हेही खरे. परंतु आपल्या समाजात दुखणे अंगावर काढण्यात स्त्री पुरुषाच्या पुढे असते. तेव्हा नोंदवहीतील स्त्रियांचा कमी आकडा हा रोग कमी असल्याचा पुरावा म्हणावयाचा, की रुग्णालयापर्यंत त्या पोहोचत नाहीत याचा? अमेरिकेच्या पाहणीत पुरुषांचे प्रमाण १०.६ टक्के आणि स्त्रियांचे ७.१ टक्के, म्हणजे अंतर फार मोठे नाही, असे निघाले. आपल्या नोंदी याहून फारच निराळे सांगत असतील, तर आधी नोंदींवरच संशय घ्यावा लागेल.

आता उपचाराकडे वळू. याबाबतीत विज्ञानाने केलेली प्रगती थक्क करणारी आहे. १९७६ मध्ये स्वीडनमधील डॉक्टरांनी पाठीतून छोटे छिद्र पाडून मूत्रपिंडातील खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८० च्या फेब्रुवारीत म्यूनिच येथे शरीरावर शस्त्र न लावता बाहेरून आघातलहरी सोडून रुग्णाचा खडा प्रथमच फोडण्यात आला. आता मूत्रमार्गाने दुर्बीण घालून लेझरने खड्याचा चुरा करता येतो. सुश्रुताला राजाची अनुज्ञा मागावी लागे. आजचा रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. पण कोणता रुग्ण? यंत्र, ते चालविणारा मूत्ररोगतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियेची तारीख या तिन्हींचा योग जेथे जुळतो तेथे पोहोचलेला. शहापूर-मुरबाडहून कल्याण, कल्याणहून कळवा आणि कळव्याहून शीव किंवा परळ असा प्रवास पोटात कळ घेऊन करणारा रुग्ण या प्रगतीचा वारस आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार होती. त्यानंतर वस्ती किती फुगली ते घोडबंदर रस्त्याने वा कल्याणच्या खाडीकाठाने जाणारा कोणीही सांगेल. या साऱ्यांचा आणि आसपासच्या तालुक्यांचा भार कळव्याचे पाचशे खाटांचे रुग्णालय वाहत आले आहे.

त्या भाराने काय होते हे २०२३ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्राने पाहिले. त्या महिन्याच्या मध्यास कळव्याच्या या रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. त्यांना कोणकोणते आजार होते हे सांगताना ठाण्याच्या महापालिका आयुक्तांनी जी नावे घेतली त्यांत पक्षाघात, न्यूमोनिया आणि जंतुविषबाधा यांच्याबरोबर मूतखड्याचेही नाव होते. एखाद्या रुग्णाच्या मृत्यूचे कारण ठरविणे हे आमचे काम नव्हे. परंतु ज्याला आपण ‘साधा खडा’ म्हणतो तो मरणाच्या यादीत येऊ शकतो, एवढे तरी त्या दिवशी सर्वांच्या ध्यानात यावयास हवे होते. खड्याने वाट अडली आणि वर जंतुसंसर्ग झाला, तर काही तासांत जीव धोक्यात येतो. दुसरा धोका याहून कपटी आहे. अडकलेल्या खड्याची कळ कधीकधी आपोआप थांबते. रुग्ण समजतो, औषधाने गुण आला; प्रत्यक्षात तुंबलेले मूत्रपिंड निमूटपणे निकामी होत असते. खडा खात्रीने पडला की नाही हे तपासून न घेणारा माणूस काही वर्षांनी डायलिसिसच्या खाटेवर भेटतो. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘विनाशस्त्रक्रिया खडा पाडून मिळेल’ अशा जाहिराती रंगविणाऱ्यांचा व्यापार याच गैरसमजावर चालतो. पाच मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपण होऊनच पडतात. त्याचे श्रेय घेण्यास मात्र पुष्कळजण टपलेले असतात.

आमच्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, क्षय, डेंग्यू, मधुमेह असे दांडगे शत्रू समोर उभे असताना मूतखड्याचे एवढे कौतुक कशाला? त्यास आमचे उत्तर असे की, या रोगाइतका स्वस्तात टळणारा रोग विरळा. इटलीतील पार्मा येथे एकदा खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे प्रयोग करण्यात आला. ज्यांना दिवसाला दोन लिटर मूत्र होईल इतके पाणी पिण्यास सांगितले, त्यांच्यापैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. ज्यांना तसे काही सांगितले नाही, त्यांच्यापैकी २७ जणांना झाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात औषध होते ते केवळ पाणी. त्याच संशोधकांनी २००२ मध्ये दुसराही एक समज मोडीत काढला. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही सोडणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना, तर कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांसाहार कमी करणाऱ्या ६० जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. आपल्याकडे खडा झाला की दूध बंद होते आणि लोणचे, पापड, फरसाण सुखेनैव चालू राहते. दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असताना!

दुसरा आक्षेप याच्या उलट असेल. पाणी पिणे आणि मीठ कमी खाणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे, त्यात महापालिकेचा काय संबंध? संबंध असा की, पाणी पिण्याचा उपदेश मोफत असला तरी पाणी आणि मुतारी या गोष्टी मोफत आकाशातून पडत नाहीत. जिला दोन तास स्वच्छतागृह मिळणार नाही तिला तीन लिटर पाणी पिण्यास सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्याचाच प्रकार आहे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पण निरोगी माणसाला तहान लागली असता पाणी पिण्याचे भय वाटावे, ही स्थिती कोणत्याही सुधारलेल्या शहराला लांछनास्पद आहे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. या टापूतील पाचही सार्वजनिक रुग्णालयांनी मूतखड्याच्या रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने ठेवावी. तीत वय, लिंग, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय, खडा पहिला की पुन्हा झालेला, आणि रुग्ण कोठून पाठविला गेला व कोठे पाठविला गेला, या गोष्टी असाव्यात. एक माणूस एकदाच मोजला जावा. हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. काढलेला खडा आज बहुधा छोट्या बाटलीत घालून स्मरणचिन्हासारखा रुग्णाच्या हाती दिला जातो आणि घरच्या कपाटात पडून राहतो. त्याऐवजी त्याचे रासायनिक पृथक्करण व्हावे, म्हणजे पुढचा खडा कसा टाळावा हे त्या रुग्णाला आणि आपला खडा कोणत्या जातीचा हे शहराला कळेल. कळव्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांनी काही प्रभाग निवडून घरोघर पाहणी केली, तर रुग्णालयाच्या आकड्यांत काय दडले आहे ते उघड होईल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूतखड्यावरील शस्त्रक्रियांचा समावेश आहे. परंतु योजनेचे कागद आणि शस्त्रक्रियेची तारीख यांत किती आठवडे जातात, हेही त्या नोंदीत आले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे आकडे आरोग्य खात्याच्या फडताळात न ठेवता पाणीपुरवठा खात्याच्या, रेल्वेच्या आणि कामगार खात्याच्या टेबलावर ठेवावे लागतील. एखाद्या वस्तीतून वा एखाद्या धंद्यातून खडेवाले अधिक येत असतील, तर तेथे शस्त्रक्रियेच्या आधी नळ आणि स्वच्छतागृह पोहोचले पाहिजे.

ठाणे महापालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. चार दशकांत या दोन्ही संस्थांनी उड्डाणपूल बांधले, नाट्यगृहे उभारली, चौक सुशोभित केले. त्याबद्दल त्यांचे कौतुक जरूर व्हावे. परंतु कल्याणहून निघालेली स्त्री घोटभर पाणी निर्धास्तपणे पिऊन गाडीत चढू शकते की नाही, ही कसोटी कोणत्याही कमानीच्या उद्घाटनापेक्षा मोठी आहे, आणि तिचा निकाल रुग्णालयाच्या नोंदवहीत रोज लिहिला जात आहे. येत्या अर्थसंकल्पाच्या आधी दोन्ही महापालिकांनी आपल्या रुग्णालयांतील या रोगाची पहिली मोजदाद नागरिकांपुढे ठेवावी, अशी आमची त्यांना आग्रहाची सूचना आहे.